रणगाड्यातली माणसं

बेहाला नावाच्या उपनगरातल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे बर्वेकाका स्वतःच्याच घरातल्या एका खोलीत दार वाजवून शिरत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी विचारलं, "आत कोण आहे?"

"माणसं आहेत," ते म्हणाले. "एकेका गाडीत पाच."

गाडी म्हणजे जर्मन रणगाडा, दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी शेवटच्या वर्षातला. वीतभर लांब, पण हुबेहूब. काकांनी हाताने बनवलेले असे बावीस रणगाडे फळ्यांवर उभे होते आणि सगळ्यांच्या तोफा दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, रोखलेल्या.

काका निवृत्त, घरात एकटे. जीव सगळा त्या शेवटच्या वर्षात अडकलेला. "तेव्हा रंगाचीसुद्धा टंचाई. आतून नुसता तांबडा प्रायमर मारून गाड्या लढाईवर," असं सांगत ते आत तसाच तांबडा रंग लावत. चहात साखर नसली तरी म्हणत, "शेवटच्या वर्षी असंच असतं." हे ऐकल्यापासून माझ्या बायकोने त्यांच्याकडे चहा घेणं सोडलं.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला खिडकीशी बसवलं. "मान सरळ. हसू नका." दहा मिनिटं भिंगातून बघत राहिले. पुढच्या रविवारी चिमट्यात धरलेला अंगठ्याएवढा माणूस दाखवला. चष्मा माझा, टक्कलही माझंच. त्याला तोफेशेजारी बसवून त्यांनी रणगाड्याचा वरचा भाग कायमचा चिकटवून टाकला.

"आता मी दिसणार कसा?"

"दिसायचं कशाला? आहात ना आत. शेजारी कुलकर्णी आहेत, तुमच्या आधी त्याच फ्लॅटमध्ये होते. त्यांची नागपूरला बदली झाली. मागे देशपांडे वहिनी, त्या पुण्याला गेल्या."

मला उगाचच कोंडल्यासारखं झालं.

वर्षभराने माझीही बदली आली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा काकांनी कोपऱ्यातला एक रणगाडा उचलला आणि माझ्या कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"मालती," ते म्हणाले.

मालतीकाकू म्हणजे त्यांची बायको. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"चालकाच्या जागी बसवली होती. महिन्याभरात सुटली. एका जागी बसायची सवयच नव्हती तिला."

"मग उघडून परत चिकटवा ना, काका."

काकांनी रणगाडा दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवला.

"चिकटवली की गप्प होईल," ते म्हणाले.