दोन चमचे जॅम

"टीव्हीवर सांगितलेलं घरी कोण करतं? लोक नुसतं बघतात आणि बाहेरून मागवतात!" असं रुक्मिणी परब ठणकावून सांगायच्या. सांगणं भागच होतं. त्यांचा दुपारचा पाककृतींचा कार्यक्रम एका जॅमच्या कंपनीच्या जिवावर चालायचा आणि कंपनीची अट एकच, प्रत्येक पदार्थात जॅम पडलाच पाहिजे! तेव्हा रुक्मिणीताई कॅमेऱ्याकडे बघून गोड हसायच्या, भरल्या वांग्यात दोन चमचे जॅम ढकलायच्या आणि बोरिवलीला घरी येऊन मुकाट्याने साधी आमटी करायच्या. त्यांच्या घरात जॅमची बाटली औषधालासुद्धा नव्हती.

त्या रविवारी मात्र निलेशच्या लग्नाची बोलणी होती. पस्तिशी गाठलेल्या मुलाला कशीबशी एक मुलगी आवडली होती, त्याच्या मरोळच्या ऑफिसातली जान्हवी. हे स्थळ हातचं गेलं तर पोरगा जन्मभर बिनलग्नाचा राहणार, या धास्तीने ताईंची झोप उडाली होती. "तिथे काही बोलायचं नाही!" त्यांनी नवऱ्याला, विद्याधररावांना, जिन्यातच दम भरला.

मुलुंडला जान्हवीच्या आईने, इरावतीबाईंनी, ताटं वाढली. "सगळं तुमच्याच रेसिपीने हो! इतकी वर्षं आमच्याकडे दुसरं काही शिजतच नाही!"

बांगड्याच्या कालवणाचा पहिला घास घेतला आणि ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. स्ट्रॉबेरी! सोलकढीत बहुतेक अननस होता.

"कसं झालंय?"

"झकास! अगदी माझ्या हातचं!"

"रुक्मिणी, पण आपल्याकडे तर..." विद्याधररावांनी तोंड उघडलं. ताईंनी टेबलाखालून सणसणीत लाथ हाणली. कळवळले ते जान्हवीचे वडील, नाना!

"...आपल्याकडे तर रोज हेच असतं!" ताईंनी वाक्य पूर्ण केलं आणि वर आणखी एक वाटी मागून घेतली. निलेश आईकडे आ वासून बघत राहिला.

हात धुताना नाना लंगडत मागे आले. "ताईनू, खरा काय ता सांगा. तुमच्या घरात ह्या असला चलता?"

ताईंना त्या माणसाची खरोखरच दया आली. चांगला धडधाकट मालवणी गडी, आणि आपल्यापायी त्याच्या ताटाची ही दशा! "नाही हो नाना," त्या पुटपुटल्या. "आम्ही कोकम घालतो."

झालं! बोलून बसल्या. आता लग्न मोडलंच. नानांनी बेसिनचा आधार घेतला, दीर्घ श्वास घेतला आणि जोरात ओरडले, "अगो इरावती! लगीन पक्का! आमच्यातला एक तरी माणूस सुटला!"

स्वयंपाकघरात इरावतीबाईंना त्यातलं 'पक्का' तेवढं ऐकू आलं आणि त्या पेढे आणायला धावल्या. ताईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात जान्हवी त्यांच्या पाया पडायला वाकली.

"आई, आता तुम्ही घरी गॅससमोर उभंच राहायचं नाही हं! तुमचे सगळे एपिसोड मला पाठ आहेत. रोजचा स्वयंपाक मीच करणार!"