रखमाजीची वाढ

हवामान बदल ही सगळ्या मानवजातीवर सारखीच कोसळलेली आपत्ती आहे; तिथे लहान-मोठा, आपला-परका असा भेद नाही. परंदवडीत मात्र ती सखारामला जास्त मिळाली आणि रखमाजीला कमी.

हे कळलं ग्रामपंचायतीतल्या नव्या पडद्यामुळे. पुण्याच्या एका संस्थेने साध्या माणसालाही हवामान कळावं म्हणून तो भिंतीवर बसवला होता. आपलं जन्मसाल टाकायचं आणि हिरव्या बटणावर बोट ठेवायचं. मग एक माणसाचं चित्र पायापासून डोक्याकडे तांबडं होत जाई आणि खाली अंशांमध्ये आकडा येई: 'तुमच्या आयुष्यात तुमच्या भागात झालेली वाढ'. लोणावळ्यापासून सोमाटण्यापर्यंतचे असे बारा पडदे सांभाळायला संस्थेने तेजल नावाची मुलगी नेमली होती. पडद्याला हात लावायला म्हातारी माणसं बिचकतात, असं तिच्या लक्षात आलं. म्हणून तिने जाहीर केलं, की ज्याची वाढ गावात सर्वांत जास्त, त्याचा 'हवामानाचा साक्षीदार' म्हणून शाल देऊन सत्कार होईल.

सखारामची वाढ आली ०.८. रखमाजीची ०.७.

"एकच गाव, एकच भिंत, एकच ऊन," रखमाजी घरी येऊन म्हणाला. "मग त्याला जास्त कशी?"

"आबा, ती गरमीची वाढ हाय," सून अनिता भाकरी थापता थापता म्हणाली. "कमी आली ते बरंच की."

"कशाची का असंना. वाढ ती वाढ."

रखमाजी आणि सखाराम चुलतभाऊ. दोघांच्या घरांची मधली भिंत एक, पण सखारामच्या बाजूचा गिलावा पोपडे धरत नसे. बोअरला पाणी त्याच्या दीडशे फुटांवर लागलं, रखमाजीच्या तीनशेवर. सखारामच्या कपाटात चार शाली होत्या. त्यातली एक तर तो निव्वळ मंडपाच्या वाटेत उभा होता म्हणून त्याला मिळाली होती. रखमाजीच्या खांद्यावर अठ्ठावन्न वर्षांत कुणी टॉवेलसुद्धा टाकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने तेजलला गाठलं.

"काका, यात भेदभाव काही नाही," ती म्हणाली. "जन्म जितका आधीचा, तितकी वाढ जास्त. तुम्ही अडुसष्ट टाकलंत, त्यांनी चौसष्ट."

"अडुसष्ट गुरुजींनी लिवलंय. शाळंत घालताना. अंदाजानं."

"मग तुम्हाला आठवतंय ते खरं साल टाका."

शास्त्राच्या प्रसारातली ही पहिली चूक.

"पानशेत फुटलं तवा मी चालत व्हतो," रखमाजी म्हणाला आणि त्याने साठ टाकलं. ०.९. तो चहा न पिता घरी गेला, कारण सखारामच्या दारावरून जायची घाई होती.

संध्याकाळी सखाराम पंचायतीत आला. "पानशेत फुटलं तवा मी ह्याला कडंवर घिऊन हुबा व्हतो," त्याने जमलेल्यांना सांगितलं आणि पंचावन्न टाकलं. १.०.

"कडंवर? मला?" रखमाजी म्हणाला. "आरं, तुझं बारसं मी जेवलोय." त्याने पन्नास टाकलं. १.१. चित्रातला माणूस केसांपर्यंत तांबडा झाला.

आठवडाभरात दोघांनी मिळून पडद्याला एकशे बारा वेळा बोट लावलं. तेजलने वरच्या साहेबांना कळवलं, की परंदवडीत ज्येष्ठ नागरिकांना विषयाची विलक्षण गोडी लागली आहे. साहेबांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

घोटाळा पुढे झाला. सखारामने शेहेचाळीस टाकलं, तरी १.१. रखमाजीने चाळीस टाकलं, तरी १.१.

"ह्यानं मशीन फितवलंय," रखमाजी म्हणाला. "माझा आकडा आडवून ठिवलाय."

"आणि माझा कुनी आडवला मग?" सखाराम म्हणाला.

दोघं भांडतच घरी आले. मधल्या ओट्यावर रखमाजीची आई धोंडाबाई पदराने वारा घेत बसली होती. ती म्हणाली, "रखमा, कंचं साल टाकलंस?"

"चाळीस."

"मी अठ्ठेचाळीसची. म्हंजे माझ्या लग्नात तू करवला व्हतास का?"

"आये, ते कागदापुरतं हाय."

"कागदापुरतं तरी बापाला इचारायचं व्हतंस. आसंना का. दोघं येकाच श्रावणात झालायसा. सुईनबी येकच व्हती."

सत्काराच्या दिवशी पंचायतीत दोघंही इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले. शाल एकच होती. तेजल यादी बघून गोंधळली, मग तिला उलगडा झाला.

"काका, आमच्याकडच्या नोंदी एक्कावन्नपासूनच्या आहेत," ती म्हणाली. "त्याच्या आधीचं कुठलंही साल टाका, १.१च येणार."

"अकबर बादशाचं साल टाकलं तरी?" सखाराम म्हणाला.

"तरी."

मागून, धोंडाबाईशेजारी बसलेली अनिता म्हणाली, "म्हंजे आमच्या आजींचीबी तेवडीच. आन त्यांचं साल तर खरं हाय."

मग शाल धोंडाबाईच्या खांद्यावर गेली. मे महिन्यात लोकरीची शाल अंगावर आल्यावर तिने फक्त "आगं बया" एवढंच भाषण केलं.

रखमाजी मात्र फुलला होता. त्याने सखारामच्या पाठीवर हात ठेवला. इतकी माया त्याने आजवर कधी केली नव्हती.

"वाईट वाटून घिऊ नकोस, सखा. आय माझी हाय. शेवटी शाल आमच्याच घरात आली."

सखारामने धोंडाबाईची काठी उचलून तिच्या हातात दिली आणि तिला घेऊन तो पुढे निघाला.

धोंडाबाई गेल्या उन्हाळ्यापासून सखारामकडे राहते. त्याच्याकडे कूलर आहे.