मागच्या खोलीतली वाफ

व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, वाफ खोलीत अशी अडून बसेल असं समीरला वाटलं नव्हतं. एरवी ती दोन मिनिटांत विरायची. पण डिसेंबरच्या थंडीमुळे खिडक्या गच्च बंद होत्या, पडदे ओढलेले होते आणि त्याने घाईघाईत पाच-सहा झुरके लागोपाठ मारले होते. भर दुपारी तीन वाजता शहराबाहेरच्या राऊ भागातल्या त्याच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत पांढरट धुकं तरंगत होतं आणि हलायचं नाव घेत नव्हतं.

खोली सध्या सासऱ्यांची होती. सासूबाई, इंदिराबाई, चार महिन्यांपूर्वी गेल्या, आणि वासुदेवराव पंधरा दिवसांपूर्वी शहरातल्या मल्हारगंजच्या घराला कुलूप लावून लेकीकडे आले. बाबांनी आता इथंच राहावं, असं क्षितिजा म्हणत होती. समीर काहीच म्हणत नव्हता. त्याची चोरून ओढायची जागा हीच होती, आणि बायकोला त्याच्या या नादाचा पत्ता नव्हता. आज ती कॉलेजात शिकवायला गेली होती, सासरे फिरायला गेले होते, म्हणून त्याने संधी साधली.

त्याने ओला टॉवेल गरगर फिरवला. धुकं दुभंगलं आणि पुन्हा जुळलं. सुगंधी फवारा मारला, तर ते आणखीच दाट झालं. खिडकी उघडायला तो वळला, तोच बाहेरच्या दारात किल्ली फिरली. समीर खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये शिरला आणि त्याने दार लोटून घेतलं.

पावलं खोलीत आली आणि थबकली. समीरने फटीतून पाहिलं. वाफ इंदिराबाईंच्या फोटोपुढे उभी होती. खाली रुंद, वर निमुळती, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईसारखी. आपणच सोडलेली वाफ, हे ठाऊक असूनही त्याच्या अंगावर काटा आला.

"आलीस का?" वासुदेवराव हळूच म्हणाले.

वाफ किंचित हलली.

"अच्छा झालं आलीस. एक विचारायचं होतं." ते पलंगाच्या कडेवर टेकले. "पोरगी म्हणते, बाबा, इथंच राहा. मल्हारगंजला चार लोक ओळखीचे आहेत, पण शाम झाली की घर खायला उठतं, इंदू. जावई भला माणूस आहे, पण खुलून बोलत नाही. माझ्यामुळे त्याची अडचण होते बहुतेक. तूच सांग. राहायचं असेल तर काही इशारा दे. नाहीतर उद्या सकाळी निघतो."

समीरच्या घशात शेवटचा झुरका खवखवत होता. खोकल्याचा आवाज लपावा म्हणून त्याने चाचपडत एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाबलं. पंखा घरघरला आणि खोलीतली सगळी वाफ लांब होत होत बाथरूमच्या दाराकडे निघाली.

"थांब ना," वासुदेवराव उठले. "जवाब तरी दे."

फटीतून वाफ आत आली आणि समीरच्या मानेवरून गार हात फिरवल्यासारखी गेली. खोकला तो अजून थोडा वेळ दाबू शकला असता. पण म्हाताऱ्याचं ते 'थांब ना' त्याला ऐकवलं नाही. तो खोकला.

"ठीक आहे," बाहेरून आवाज आला. "राहतो."

संध्याकाळी बाबांचा निर्णय ऐकून क्षितिजाने डोळे पुसले. समीरने व्हेप मोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर सासरे-जावई चहा घेत बसले होते.

"समीरजी," वासुदेवराव म्हणाले, "विजेच्या खात्यात अडतीस वर्षं काढली मी. पंखा आपोआप चालू होत नाही, इतकं मला कळतं."

समीरचा कप तोंडाशीच राहिला. "मग तुम्ही राहतो का म्हणालात?"

"तुम्ही खोकलात म्हणून. चुपचाप बसला असतात, तर माझी बॅग भरलेलीच होती." त्यांनी बशीत चहा ओतला. "क्षितिजाला नाही सांगणार. पण ते ओढणं सोडा. इंदूचा दमा मी पाहिलाय."

"सोडलं, बाबा. कालच."

"बस, हेच ऐकायचं होतं." त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "फक्त मी खोलीतून बाहेर पडत होतो, तेव्हा परत खोकायची काय गरज होती? आणि तेही हूबहू तिच्यासारखं?"

समीर एकदाच खोकला होता.