शेतावरची गाडी आणि मागची मंडळी

वस्तू पारखावी तर आम्हीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नजरा तपासणाऱ्या माणसाची स्वतःची नजर कशी असेल, याचा अंदाज तुम्हीच करा! पंखा घ्यायचा असो नाहीतर पलंग, एकदा बघितलं की मला कळतं. बायकोच्या बाबतीत मात्र तिनेच मला पसंत केलं, त्यामुळे तिथे कोणाची नजर चुकली हा प्रश्न आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

तर सासऱ्यांसाठी शेतावरची गाडी घ्यायचं निघालं तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "ते माझ्यावर सोडा!"

प्रकरण साधं नव्हतं हो. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. काठी टेकत अंगणाच्या फाटकापर्यंत जायचे, तेवढ्यातच दम लागायचा. आणि शेत पसरलंय टेकडीच्या पलीकडे, पार तळ्याच्या काठापर्यंत. कुंपणाचे खांब पडले होते, नवी लावलेली फळझाडं कशी आहेत हे कोणी बघायला नव्हतं. सासरे नुसते खिडकीत बसून राहायचे. एक दिवस म्हणाले, "जिथे पाय पोचत नाही ते आपलं नाही. विकून टाकतो." गिऱ्हाईक शेजारीच होतं. गोठेवाल्या काकू! त्यांच्या गाईंना चरायला जागा कमीच पडत होती.

आमची ही रडून रडून अर्धी झाली. तिचं सगळं लहानपण त्या तळ्याच्या काठावर गेलेलं. शेवटी बापलेकीत तह झाला. गाडी आणायची आणि सासऱ्यांना तिच्यातून शेताची एक फेरी मारून आणायची. फेरीनंतर त्यांना शेत आपलं वाटलं तर ठेवायचं. नाही वाटलं, तर त्याच दिवशी काकूंना होकार द्यायचा.

म्हणजे बघा, अख्खी जमीन माझ्या नजरेवर टांगलेली!

जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे आम्ही दोघं गेलो. माणूस हाडकुळा आणि इतका हळू बोलणारा, की समोरच्यालाही आपोआप कुजबुजावं लागे.

"कामाला हवी की मजेला?" त्याने विचारलं.

"दोन्हीला!" मी म्हणालो. "आठवडाभर खताची पोती आणि कुंपणाचे खांब. रविवारी आम्ही तळ्यावर, गळ टाकून बसणार."

पहिली गाडी लालभडक. तिच्यात बसून मी आवारातच एक चक्कर मारली आणि उतरलो तेव्हा माझे दात मोजून घेतले. नव्या खुब्याचा त्यात निकाल लागला असता. दुसरी भक्कम होती, पण सुरू केली तर दगड फोडायचं यंत्र परवडलं! "हिच्यात सासरे काही बोलले तर ऐकूच येणार नाही," मी म्हणालो, आणि "काही हरकत नाही तशी," असंही म्हणणार होतो. पण हिने बघितलं माझ्याकडे.

तिसरी अगदी कोपऱ्यात होती, ताडपत्रीखाली. पांढरीशुभ्र, रंगाचा वास अजून ताजा. पुढे तिघं बसतील असा लांब बाक, डोक्यावर छत, मागे सामानाचा छोटा हौदा. गाडीवाल्याने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही.

"बंद आहे," मी म्हणालो.

"सुरू आहे," तो कुजबुजला.

आणि खरंच, ती चालायला लागली होती! बॅटरीवरची गाडी. ना धूर, ना घरघर. आपल्याकडे सरकत येतेय हे फक्त डोळ्यांना कळत होतं.

"मग ही अशी कोपऱ्यात का ठेवलीत?" हिने विचारलं.

"आवाज नाही ना, लोकांचं लक्ष जात नाही."

"आधीचा मालक कोण?"

"एक म्हातारा होता."

त्या 'होता'पाशीच मी थांबायला हवं होतं. पण मी हौदा तपासत होतो. हौद्याच्या कडा कशा, हात फिरवत राहावं अशा गुळगुळीत! वर्षानुवर्षं कोणीतरी घासत बसल्यासारख्या. आत कसलातरी गोडसर, कुबट वास. "फिनिशिंग बघ!" मी हिला म्हणालो.

गाडीवाला माझ्या कानाशी आला. "एक सांगतो साहेब. या गाडीत माणसाला कधी एकटं वाटत नाही."

"वा! सासऱ्यांना तेच तर हवंय!"

हिने माझी बाही ओढली. "अहो, तो काहीतरी लपवतोय."

"अगं, विकणारा लपवणारच. आपली नजर पाहिजे!" मी म्हणालो, आणि एका दिवसाच्या बोलीवर गाडी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर बाहेर जगच नाही! असं धुकं की अंगणातलं फाटकसुद्धा गायब. मी म्हणालो, "बाबा, दुपारी जाऊ."

"आज म्हणजे आत्ता," सासरे म्हणाले. बोलणं मोजकंच त्यांचं. टोपी घातली आणि येऊन बसले. मी चालवायला, मध्ये सासरे, कडेला ही. निघालो.

आवाज नसलेल्या गाडीतून धुक्यात जाणं म्हणजे काय, हे सांगून कळणार नाही. आपण चाललोय की धुकंच मागे सरकतंय, काही पत्ता लागत नाही. एखादं झाड एकदम समोर उभं राहायचं, आपल्याकडे बघितल्यासारखं करायचं आणि विरघळायचं. टेकडी चढून आम्ही वर पोचलो.

"अहो, इतक्या जोरात श्वास का घेताय?" ही म्हणाली.

"मी? मला वाटलं बाबा घेतायत."

"मी नाही," सासरे म्हणाले.

मी गाडी थांबवली. श्वास थांबला. सगळं चिडीचूप. मागे वळून बघितलं तर नुसतं पांढरं. पुन्हा निघालो आणि ओल्या गवतात पावलं वाजायला लागली. एकाची नाही, बऱ्याच जणांची! हळूहळू, घाई नसलेली. मी थांबलो की तीही थांबत.

"मागे कोणीतरी आहे," ही म्हणाली.

"छे! भास!" मी म्हणालो आणि आरशात बघितलं. धुक्यात दोन डोळे होते. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. पापणी लवत नव्हती.

उडी मारून पळावंसं वाटलं. पण बायको आणि सासरे शेजारी असताना पुरुषाने काहीतरी करायचं असतं. मी हॉर्न दाबला! खाकरल्यासारखा घोगरा आवाज निघाला. म्हातारं माणूस दाराबाहेर उभं राहून आपण आल्याचं कळवतं ना, अगदी तसा.

सासऱ्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा.

"पुन्हा वाजवू नका."

"का बाबा?"

"हा हॉर्न ओळखीचा आहे. काकूंच्या मालकांचा. रोज याच वेळेला कुंपणाच्या कडेने जायचे. मी खिडकीतून हात करायचो."

"मग ते पण फिरायला निघाले असतील!"

"ते गेले," सासरे म्हणाले. "दोन वर्षं झाली."

तेवढ्यात धुक्यात खूप लांबून कोणीतरी कण्हलं. लांबलचक, खोल आवाज. त्याला दुसऱ्या बाजूने उत्तर आलं. मग तिसऱ्या. माझा हात घाबरून हॉर्नवर पडला आणि तिथेच राहिला, निघेचना! जितका हॉर्न वाजे, तितके ते आवाज वाढत आणि जवळ येत. "अहो, हात काढा!" ही ओरडली. मीही हाताला तेच सांगत होतो, पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

आणि मग मागून काहीतरी गरम, ओलं आणि खरखरीत माझ्या मानेवरून फिरलं. या कानापासून त्या कानापर्यंत. सावकाश.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं खरं की मी किंचाळलो, उडी मारली आणि पळालो. बायको, सासरे, जमीनजुमला, सगळं गाडीत सोडून! पळता पळता दोन्ही बाजूंनी मोठमोठे चेहरे यायचे, माझ्याकडे शांतपणे बघायचे आणि मागे राहायचे. समोर एकदम पायघोळ पांढरं काहीतरी उभं राहिलं, हात पसरून. मी त्याच्यावर आदळलो. मी ओरडलो. तेही ओरडलं!

त्या काकू होत्या. पांढरा रेनकोट, केस सुटलेले, धाप लागलेली.

"हे आले का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"आमचे हे. त्यांचा हॉर्न वाजला." त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, माझ्या पलीकडे बघत होत्या. दोन वर्षांनी हाक ऐकलेल्या माणसाचे डोळे काय असतात ते मी त्या दिवशी बघितलं.

त्याच क्षणी धुक्यातून पुन्हा हॉर्न आला. दोन लांब, एक आखूड. काकू मटकन गवतावर बसल्या. "असाच," त्या म्हणाल्या. "अगदी असाच वाजवायचे." मीही त्यांच्या शेजारी बसलो.

धुक्यातून गाडी बाहेर आली. आवाज न करता. चालवायला टोपी घातलेला म्हातारा. आणि मागे, शाळा सुटल्यासारख्या, गाई! काळ्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या, अख्खा गोठा! सगळ्यात पुढची हौद्याची कड चाटत चाटत येत होती.

म्हातारा म्हणजे अर्थात आमचे सासरे. शेजारी ही, डोळ्यांतून घळाघळा पाणी. रडतेय म्हणून मी धावलो, तर हसतेय!

"अहो, गाई! गाईंना भ्यालात!"

काकू उठल्या. हौद्याच्या त्या गुळगुळीत कडेवरून त्यांनी हात फिरवला. मग सांगितलं. त्यांचे मालक याच गाडीतून रोज सकाळी गाईंना खाद्य घालायचे. हॉर्न वाजला की गाई मागे. ते गेले आणि गाई दिवस दिवस उभ्या गाडीभोवती थांबायच्या, कडा चाटत बसायच्या. काकूंना ते बघवेना, म्हणून गाडी विकून टाकली. "तेव्हा हिरवी होती हो. मेल्या गाडीवाल्याने रंग बदलला, हॉर्न नाही बदलला."

"कुंपण पडलंय तिथून आत आल्या," सासरे म्हणाले. "सरळ माझ्या रोपांवर! माझं शेत तुडवत होत्या, म्हणून तुमच्या मालकांसारखा हॉर्न वाजवला आणि बाहेर काढल्या."

"बाबा!" ही एकदम म्हणाली. "काय म्हणालात? माझं शेत?"

धुकं विरळ होत होतं. खाली तळं दिसायला लागलं होतं. सासऱ्यांनी ते बघितलं, टोपी काढली, परत घातली.

"काकू," ते म्हणाले, "जमीन नाही देत. पण रोज सकाळी एकदा गाडी तुमच्या कुंपणाशी आणीन. खाद्य तुम्ही भरा."

काकूंनी मान हलवली. डोळे पुसले आणि हसल्या. त्यांना जमीन मिळाली नाही, पण त्यांचा चेहरा काहीतरी हरवलेलं मिळाल्यासारखा झाला होता.

आता मला राहवेना! एवढं सगळं झालं, पण मूळ निवड कोणाची होती? मी कपडे झटकले, पुढे आलो आणि म्हणालो, "मग बाबा, गाडी ठेवायची ना? मी म्हणालोच होतो, एकदा बघितलं की मला कळतं!"

"ठेवायची," सासरे म्हणाले. "निवड चांगली केलीत, जावईबापू."

लग्न झाल्यापासूनचं पहिलं कौतुक! मी हिच्याकडे विजयाने बघितलं. ती ओठ चावत होती. सासरे काठीवर रेलले आणि टेकडीच्या उताराकडे बोट दाखवलं. ओल्या गवतात चाकांच्या दोन रेघा सरळ तळ्याकडे गेल्या होत्या आणि पाण्याच्या अगदी तोंडाशी जेमतेम वळल्या होत्या.

"फक्त पुढच्या वेळी पळायच्या आधी हँडब्रेक ओढा," ते म्हणाले. "तळं मला बघायचं होतं, पण काठावरून."