बंडा वस्तादांचा खुराक

आमच्या शेजारचे बंडा वस्ताद कुणाला नमस्कार करत नसत, दंड चाचपत. पोस्टमन पत्र पुढे करी, हे पत्र सोडून त्याचा दंड धरत. माझे सासरे पहिल्यांदा पुण्याहून आले, तेव्हा त्यांनी चपला काढायच्या आत वस्तादांनी त्यांचा दंड दाबला आणि निकाल दिला, "पावणं, नुसती हाडं हाईत की वो! खाल्लेलं अंगाला लागतंय का न्हाय?" त्यानंतर सासरे आमच्याकडे भर उन्हाळ्यातही कोट घालून येत.

'अंगाला लागलं पायजे' हा वस्तादांचा मंत्र. तरुणपणी त्यांनी मैदानं गाजवलेली. आता गल्लीच्या टोकाची तालीम सांभाळायचे आणि रात्री आठाला झोपायचे. सव्वाआठला आमचा रेडिओ वाजला की भिंतीवर थाप पडे, "सायेब, पोरगं झोपलं का?"

पोरगं म्हणजे आमचा विजू, वय वर्षं दहा. झोपलेलं नसे. त्याला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवायचं मी मनावर घेतलं होतं. शाळेनंतरचं खेळणं बंद, रात्री उशिरापर्यंत गणितं. संध्याकाळी तेवढे वस्ताद त्याला दुधाच्या कट्ट्यावर नेत. तिथं म्हशी उभ्या असायच्या, गवळी समोर धार काढायचा आणि वस्ताद फेसाळता तांब्या विजूच्या तोंडाला लावायचे. वर बदामाची थंडाई, मूठभर खारका. पैलवानाचा सगळा खुराक पोरगा पचवत होता. मेहनत तेवढी करत नव्हता.

सहा महिन्यांत त्याच्या चड्डीची बटणं लागेनात. शाळेच्या सहलीत पन्हाळ्याच्या चढणीवर तो तीनदा खाली बसला, आणि पोरांनी त्याचं नाव 'रेडकू' ठेवलं. घरी येऊन तो जेवला नाही. तेव्हा मी त्याला डॉक्टरांकडे नेलं.

"मुलगा खेळतो का? झोपतो किती?" डॉक्टरांनी विचारलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "डॉक्टर, शेजारचे दूध फार पाजतात."

"दूध थांबवाच. पण मी विचारलं ते वेगळं होतं."

घरी बायको म्हणाली, "वस्तादांना सांगायला निघालाय ना? मग आधी स्वतःला सांगा." ते लागलं, म्हणून मी आणखीच तावातावानं तालमीत गेलो.

वस्ताद एकटेच कुस्तीच्या हौद्यात उतरून खोऱ्यानं तांबडी माती उकरत होते. मध्येच थांबून तिच्यावर ताक शिंपडत होते. भिंतीला मुद्गल ओळीनं उभे, पुसून लख्ख. मातीवर दुसऱ्या कुणाच्या पावलाचा ठसा नव्हता.

"वस्ताद, उद्यापासून विजूला दूध नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

खोरं थांबलं. "फुगलंय पोरगं. दिसतंय की मला."

"दिसतंय? मग पाजता कशाला? बिनमेहनतीचा खुराक अंगावर उलटतो, हे तुम्हीच साऱ्या गल्लीला सांगता ना!"

"सांगतो की." त्यांनी मातीचं एक ढेकूळ हातानं फोडलं. "सायेब, बैठका मारा म्हटलं की पोरं दुसऱ्या दिशी येत न्हाईत. धा-बारा आलती, समदी अशीच गेली. शिकवण्या हाईत म्हणं. तुमचा इजू दुधाला येतोय. मग हितं तालमीच्या कट्ट्यावर बसतोय, शाळेचं काय-बाय सांगतोय. मग मी बैठकांचं नावच काढलं न्हाय."

मी डॉक्टरांची वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"पहाटे पाठवतो त्याला," मी म्हणालो. "आधी मेहनत, मग दूध. अर्धा पेला."

"आन् न्हाय आला तर?"

"मी घेऊन येतो."

त्यांनी सवयीनं माझा दंड दाबला, मग पोटाकडे पाहिलं. "लंगोट दोन आणा."

त्या रात्री आमच्याकडे गणितं झाली नाहीत. रेडिओही लागला नाही. विजू लवकर झोपला; मी मात्र अंधारात पडून भिंतीवरच्या थापेची वाट पाहत राहिलो. थाप आली नाही.

पहाटे दार उघडलं, तर वस्ताद पायरीवर बसलेले. खांद्यावर घोंगडं, आणि घोंगडं दवानं ओलं.

"वस्ताद, झोपला नाही का?"

"आत्ताच आलोय की," ते घाईनं उठत म्हणाले, आणि माझ्या मागं डोळे चोळत उभ्या असलेल्या विजूकडे बघत राहिले. त्याचा दंड दाबायचंही त्यांना सुचलं नाही.