गाडीचं बूड उचलेना

दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी एका छापखान्यात प्रूफं तपासतो. चारशे पानांच्या पुस्तकात एक अनुस्वार गळला असेल तर तो मला चालत्या पंख्याखालीही दिसतो. अशा माणसाला विजेच्या वस्तूंमधले बिघाड सापडणारच, असं माझं प्रामाणिक मत आहे. घराच्या दारावरची बेल मीच दुरुस्त केली. ती आता एकदा दाबली की दोनदा वाजते, पण वाजते. शिवाय माझ्याकडे वीज तपासायचं स्वतःचं मीटर आहे, लाल आणि काळ्या वायरीचं.

तरीही सासऱ्यांनी लग्नानंतर अकरा वर्षं मला त्यांच्या गाडीच्या बॉनेटला बोट लावू दिलं नव्हतं. सासरे निवृत्त सर्व्हेअर. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नाही आणि अकरा वर्षांत त्यांनी मला पुरेसं मोजलेलं असावं.

गाडी जुनी, लांबलचक. मागची सीट पाडली की डिकीपर्यंत सलग जागा होते, एक माणूस आरामात आडवा झोपतो. तिची खरी मौज मागच्या चाकांवर आहे. तिथे स्प्रिंगांऐवजी रबराच्या दोन हवेच्या पिशव्या आहेत. मागे वजन पडलं की बूड दबतं. मग एक छोटा विजेचा पंप घर्रर्र करत पिशव्यांत हवा भरतो आणि गाडी पुन्हा सरळ होते. आत बसलेल्याला पाण्यावरून गेल्यासारखं वाटतं.

त्या शनिवारी सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडीतून आडवं झोपवून न्या, धक्का लागता कामा नये. सासरे आधी दोनदा रिकामी गाडी घेऊन त्या रस्त्याने जाऊन आले होते. अकरा गतिरोधक आणि तीन खड्डे, सगळं वहीत नोंदवलेलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मागे जाड गादी अंथरली. गादीवरची चादर त्यांनी चार वेळा सारखी केली, हे बायकोने पाहिलं होतं.

शनिवारी सकाळी पाहतो तर गाडीचं बूड जमिनीला टेकायला आलेलं. थकलेली म्हैस मागच्या पायांवर बसावी तशी गाडी बसली होती. जुन्या पिशव्यांतून रात्रीतून हवा थोडी उतरतेच, पण किल्ली फिरवली की पंप सुरू होतो. आज किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. घर्रर्र नाही, फुस्स नाही.

साडेआठ वाजले होते. बाराला सासूबाईंना सोडणार होते. सासरे गाडीभोवती तीन फेऱ्या मारून माझ्यासमोर येऊन थांबले.

"जावईबापू, तुमचं ते मीटर आणलंय का?"

अकरा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो.

"तासाभराचं काम आहे," मी म्हणालो. "विजेचा बिघाड म्हणजे काय, कुठेतरी एक वायर तुटलेली असते. बाकी सगळं ठणठणीत असतं."

डिकी उघडली. गादी थोडी पुढे सरकवून आतलं बाजूचं पॅनेल काढल्यावर फ्यूज दिसला आणि त्याच्या शेजारी रिले, म्हणजे पंपाला वीज सोडणारी काळी डबी. फ्यूज ठीक होता. रिलेपर्यंत वीज येतच नव्हती. मी दोन्ही वायरी आलटूनपालटून टेकवल्या. मीटर शून्यावर ढिम्म.

"बॅटरीकडूनच वीज येत नाही," मी जाहीर केलं आणि पुढे जाऊन बॉनेट उघडलं. बायकोला किल्ली देऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. बॅटरीवर मीटर टेकवलं, आणि तेवढ्यात मागे पंप घर्रर्र करून सुरू झाला.

"काय केलंस?" मी ओरडलो.

"काही नाही. रेडिओ लावला."

मी धावत मागे गेलो. बूड खरंच वर येत होतं. पंपाकडे बघावं म्हणून मी डिकी उघडली आणि पंप बंद पडला.

"बंद का केलास?"

"मी कुठे बंद केला? गाणं संपून बातम्या लागल्या."

सासऱ्यांनी टेप लावून मोजलं. "दोन सेंटिमीटर वर आलीय."

आता मला सांगा, कोणताही शहाणा माणूस यातून काय निष्कर्ष काढेल? रेडिओची वायर आणि पंपाची वायर आतमध्ये कुठेतरी एकमेकींना चिकटली आहे. मी पुन्हा पुढे गेलो. बायकोला सांगितलं, पुन्हा गाणं लाव. तिने शोधून गाणं लावलं, आणि मागे पंप पुन्हा सुरू. मी मागे जाऊन डिकी उघडली, पंप बंद.

"बातम्या?"

"नाही. जाहिरात."

"गाण्यावर चालतो, जाहिरातीवर थांबतो," मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी वही काढून ते वेळेसकट लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती, पण नोंद ती नोंद.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. रेडिओ, वायपर, हॉर्न, आतला पंखा, उजवा इंडिकेटर, डावा इंडिकेटर, सगळं एकेक करून चालू केलं. हॉर्नवर पंप एकदा चालला आणि पुढच्या तीनदा चालला नाही. वायपरवर चाललाच नाही, पण वायपर बंद केल्यावर चालला. मी पुढे असलो की चालायचा आणि मागे आलो की थांबायचा. गाडी मला ओळखते आहे की काय, असं वाटायला लागलं. सासऱ्यांच्या वहीतलं पान भरलं आणि त्यातून एवढंच निघत होतं की मी लांब राहिलो तर गाडी बरी असते.

"मी काय म्हणते," बायको म्हणाली, "तू जरा लांबच राहून बघ ना."

हे मला लागलं. मी रेडिओचा नाद सोडला आणि थेट सेन्सरवर आलो. गाडी किती दबली आहे हे कळायला मागच्या चाकाजवळ एक सेन्सर असतो. त्याला बोटभर लांबीची दांडी असते. बूड खाली गेलं की दांडी वर होते आणि पंपाला निरोप जातो. मी चाकामागे हात घालून दांडी काढली, चिखल पुसला, तारेचा जोड घासून लख्ख केला आणि दांडी परत बसवली. बसली पण अगदी सहज. इतक्या सहज की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आणि पंप सुरू झाला.

"रेडिओ?" मी विचारलं.

"बंद आहे," बायको म्हणाली.

बूड वर यायला लागलं. पाच सेंटिमीटर, दहा. सासरे टेप धरून आकडे सांगत होते आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याविषयी आदर होता. "बरोबर, झाली समपातळी," ते म्हणाले.

पंप थांबला नाही.

"बास, बास," मी गाडीला म्हणालो. ती ऐकेना. बंपर माझ्या मांडीपर्यंत आला. गाडी भांडायला उभ्या राहिलेल्या मांजरासारखी पाठ फुगवून उभी होती. गादी घसरत पुढच्या सीटांना जाऊन भिडली. मी फ्यूज काढायला डिकी उघडली आणि पंप आपोआप थांबला. मी फ्यूजकडे नुसतं पाहिलं होतं.

तरी मी तो काढून खिशात घातला. आता गाडी खाली येईना. पिशव्या टम्म फुगून दगडासारख्या घट्ट झालेल्या. यातून सासूबाईंना अकरा गतिरोधकांवरून नेणं म्हणजे लाकडी पाटावर झोपवून आदळत नेण्यासारखं होतं. पावणेअकरा झाले. सासरे पायरीवर बसले. चादर त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

तेवढ्यात स्कूटरवरून एक किडकिडीत माणूस आला. गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, हातात वीज तपासायचा छोटा दिवा. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा.

"तू याला कधी फोन केलास?" मी बायकोला विचारलं.

"तू पुन्हा गाणं लाव म्हणालास ना, तेव्हाच."

वायरिंगवाल्याने माझ्याकडून फ्यूज घेऊन बसवला. किल्ली फिरवायला सांगितली. मग त्याने डिकी लावली, पंप सुरू झाला. डिकी उघडली, पंप बंद. पुन्हा लावली, सुरू. तो आमच्याकडे वळला.

"डिकी उघडी असली की पंप चालत नाही. कंपनीने मुद्दाम तसं केलेलं असतं. सामान चढवताना गाडी हलू नये म्हणून."

सासऱ्यांनी वहीतलं भरलेलं पान पुन्हा वरून खाली वाचलं.

"म्हणजे," सासरे सावकाश म्हणाले, "हे डिकीपासून हलले की मी ती लावत होतो. उघडं दार मला बघवत नाही."

"तुम्ही लावली की गाडी बरी होत होती," वायरिंगवाला म्हणाला. "आणि हे येऊन उघडत होते."

"पण मग सकाळी?" मी शेवटचा प्रयत्न केला. "सकाळी डिकी बंद होती."

त्याने गादीची मागची कड दाखवली. तिच्यावर कुलपाचा ठसा उमटला होता. "ही मध्ये अडकली होती. डिकी एकाच खटक्यावर टेकून राहिली, पुरती लागलीच नाही. पुढे डिकी उघडी असल्याचा दिवा लागतो, तो दिसला नाही का?"

"त्याचा बल्ब गेलाय," सासरे म्हणाले आणि खाली बघायला लागले.

मग तो चाकाशी वाकला. "दांडी कोणी उलटी बसवली? गाडी कितीही वर गेली तरी ही दबलेलीच सांगतेय." बायको आणि सासरे, दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्याने ती फिरवली. डिकी लागताच गाडीने लांब उसासा टाकला आणि बूड सावकाश खाली आलं.

"आता वजन टाकून बघायला हवं. आडवं झोपेल असं कोणीतरी पाहिजे."

मी गादीवर झोपलो. गाडी दबली, घर्रर्र झालं, गाडी सरळ झाली. त्याने मला डाव्या कुशीवर वळवलं, मग उजव्या. सासऱ्यांनी दोन्ही बाजूंनी टेप लावली. मिलिमीटरचाही फरक नाही. साडेअकरा वाजले होते.

"तसेच पडून राहा, जावईबापू," सासरे स्टिअरिंगवर बसत म्हणाले. "धक्का बसतो का तेवढं सांगत चला."

असा मी गेलो. प्रत्येक गतिरोधकानंतर पुढून प्रश्न यायचा, "बसला?" आणि मी म्हणायचो, "नाही." दवाखान्याच्या दारात डिकी उघडली तेव्हा दोन परिचारिका स्ट्रेचर घेऊन तयार होत्या. मी उठून बसायला लागलो, तर एकीने मला खांद्याला धरून परत आडवं केलं आणि दोघींनी मिळून स्ट्रेचरवर घेतलं.

"हलायचं नाही. कुठे दुखतंय?"

मी समजावत होतो, त्या ऐकत नव्हत्या, आणि याच गोंधळात व्हीलचेअरवरून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी स्ट्रेचरवरच्या मला पाहिलं, मग सासऱ्यांना पाहिलं.

"यांना काय झालं?"

"काही नाही," सासरे म्हणाले. "तुझ्या आधी त्यांना झोपवून आणून बघितलं. धक्का लागत नाही."

सासूबाई हसल्या आणि लगेच पाठीला हात लावून थांबल्या. परतीच्या वाटेवर चौथ्या गतिरोधकालाच त्यांना झोप लागली म्हणे. मला कोणीतरी सांगितलं म्हणून माहीत. पुढच्या सीटवर बायको होती, गाडीत आणखी जागा नव्हती, मी बसने आलो.

मंगळवारी छापखान्यात फोन आला. वायरिंगवाला होता. आवाज बराच आर्जवी.

"साहेब, जरा मदत हवी होती. आणखी एक तशीच गाडी आलीय, हवेच्या पिशव्यांची."

मी खुर्चीत ताठ झालो. समोरच्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय बिघाड आहे?"

"बिघाड काढला मी. तुमचं वजन किती आहे?"

"ब्याऐंशी किलो."

"अगदी पाहिजे तेवढं. तासभर येऊन पडाल का?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक सल्ला' असं लिहिलं.