किमान तीन किलो

काकूंच्या घरातून गेल्या तीन महिन्यांत कचरा बाहेर पडला नव्हता. खरं सांगायचं तर त्याआधीच्या अकरा वर्षांतही पडला नव्हता. पण तेव्हा त्याची कुठे नोंद होत नसे, त्यामुळे तो अपराध नव्हता.

काकूंनी उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेला. त्यांच्या हाताला कुठलीच वस्तू पुरती संपलीय असं वाटतच नसे. काकांचा शर्ट कॉलरला विरला की कॉलर उलटून शिवली जाई. उलटी बाजूही विरली की शर्ट अर्ध्या बाह्यांचा होई, मग त्याची उशीची खोळ, खोळीचं फडकं, फडक्याचं पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या चिंध्या पुन्हा उशीत. काका ज्या उशीवर डोकं ठेवत, तिच्या पोटात त्यांचेच सात शर्ट होते. भाजीची सालं-देठं मागच्या दारच्या पिंपात जात आणि सहा महिन्यांनी काळी माती होऊन कुंडीत येत. दात घासून थकलेला ब्रश शिवणयंत्र साफ करी. साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात भरून मोरीत टांगलेल्या असत. घड्याळदुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त झालेले काका चारचौघांत सांगत, "या घरात काही टाकत नाहीत, एवढ्या एका भरवशावर मी म्हातारा झालोय."

यामागे काकूंचं काही तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं. टाकायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येई, इतकंच.

मग शहराच्या स्वच्छता कार्यालयाने 'शून्य कचरा अभियान' हाती घेतलं. प्रत्येक दारावर प्लास्टिकची एक पाटी ठोकण्यात आली. गाडी आली की गाडीवरचा माणूस त्या पाटीसमोर मोबाइल धरी, आणि त्या घराने किती किलो कचरा दिला ते थेट कार्यालयात कळे. काकू ती पाटी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत. पाटी लखलखत होती, नोंद मात्र एकही नव्हती. एक्याण्णवाव्या दिवशी नोटीस आली. तीन प्रतींत, आणि प्रत्येक प्रत वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात.

काकांनी चष्मा चढवून ती मोठ्याने वाचली. "उपरोक्त घरातून नव्वद दिवसांत कचरा निर्माण झाल्याचे आढळून येत नाही. सबब सदर घर निर्मनुष्य असल्याचे मानण्यात येत आहे. दहा दिवसांच्या आत वास्तव्याचा पुरावा सादर न केल्यास नळजोडणी खंडित करण्यात येईल, कारण रिकाम्या घरास पाणी देणे हा अपव्यय होय." त्यांनी चष्मा काढला. "अगं, आपण इथे राहत नाही म्हणे."

"मग मघापासून चहा कोण मागतंय?" काकू म्हणाल्या.

हसून झालं, आणि मग काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. लेक बरोबर दोन आठवड्यांनी यायची होती, तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन, चांगली महिनाभर राहायला. जुन्या मऊ चादरींचे चोवीस लंगोट काकूंनी शिवून, धुऊन, घड्या घालून ठेवले होते. तान्हं बाळ, चोवीस लंगोट आणि कोरडा नळ! त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि कार्यालय गाठलं.

कार्यालयाच्या दारावर 'शून्य कचरा, सुंदर शहर' असा फलक होता. जुने फलक खाली रचून ठेवले होते, आणि त्यांच्यावर शिपाई बसला होता. आत कचरा-निरीक्षक कागदी कपातून चहा पीत होते. माणूस वाईट नव्हता. काकूंना त्याने खुर्ची दिली, चहाही सांगितला. काकूंनी चहा पिऊन कप रुमालाने पुसला आणि पिशवीत टाकला. रोपं लावायला बरा पडला असता.

"साहेब, आमच्याकडे कचरा होतच नाही हो," काकू म्हणाल्या. "तुमच्या दारावर लिहिलंय तसं शून्य."

"काकू, शून्य हे आमचं ध्येय आहे," निरीक्षक समजावणीच्या सुरात म्हणाले. "ध्येयाकडे वाटचाल करायची असते. तिथे जाऊन बसायचं नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. अभियानात सहभागी व्हायचं तर कचरा कमी करावा लागतो. कमी करायचा तर आधी तो असावा लागतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणजे तुम्ही कमी करू शकत नाही. अभियानाला असहकारच झाला ना हा?"

"अहो, पण मी इथे तुमच्यासमोर बसलेय. जिवंत आहे, राहते त्या घरात!"

"मला दिसताय ना तुम्ही," निरीक्षक कळवळून म्हणाले. "फाइलला दिसत नाही. ओळखपत्र आणाल तर त्यावरून तुम्ही आहात हे कळेल. तुम्ही राहता हे कचऱ्यावरूनच कळतं. माणूस राहतो तिथे घाण होते, हे कार्यालयाने तज्ज्ञांना विचारून ठरवलंय." आवाज खाली आणून ते पुढे म्हणाले, "फार नको. किमान तीन किलो. एकदा नोंद झाली की मी स्वतः शेरा मारतो."

तीन किलो! काकू घरी आल्या आणि घरभर फिरल्या. चिंध्यांच्या गाठोड्याला हात लावला, पण त्यातून बाळाची दुलई व्हायची होती. रिकाम्या बरण्यांकडे वळल्या, तर प्रत्येकीत काहीतरी होतं. नोटिशीच्या तीन प्रती तरी टाकाव्यात, तर तिन्ही पाठकोऱ्या. काकांनी त्यांची वही शिवून तिच्यावर शब्दकोडी सोडवायला घेतली होती. प्लास्टिकच्या पाकिटांत बटणं गेली होती, रंगवार.

"काहीच कसं नाही हो या घरात!" काकू हताश होऊन खाली बसल्या.

"मला टाक," काका म्हणाले. "पासष्ट किलो आहे. पाच वर्षांचं काम होईल."

शेवटी काकू जिना चढून अध्यक्षीणबाईंकडे गेल्या. अध्यक्षीणबाई इमारतीच्या पर्यावरण समितीच्या प्रमुख होत्या. त्यांच्याकडे तीन रंगांचे तीन डबे होते आणि निसर्ग वाचवण्याचं आवाहन छापलेल्या कापडी पिशव्या तर कपाटात मावत नव्हत्या.

"अगं, थोडा कचरा देतेस का? परत करीन," काकू चाचरत म्हणाल्या.

"अहो काकू, परत कसला करताय! न्या की, हव्या तेवढ्या पिशव्या न्या!" अध्यक्षीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांची स्वतःची अडचण वेगळीच होती. गेल्या महिन्यात त्यांच्या घरातून बावीस किलो कचरा गेला होता, आणि या महिन्यात तो चाळीस टक्क्यांनी घटवावा, असं समितीच्या वतीने त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं.

काकूंनी दोन गच्च पिशव्या खाली आणल्या. सकाळी गाडी आली की द्यायच्या, एवढंच काम. पण पिशवीच्या तोंडातून एक बाही बाहेर डोकावत होती, आणि काकूंचा हात गेला. चांगला सुती कुडता. फक्त एक बटण नव्हतं. काकूंनी तेवढं लावलं. कुडत्याखाली टॉर्च होता. काकांनी त्याचं तोंड उघडलं, आतला गंज खरवडला, आणि तो पेटला. पावाचा अख्खा पुडा होता, तारीख कालचीच. काकूंनी तो भाजून बरणीत भरला. टोपणासकट एक डबा, एका पायाची शिवण उसवलेलं खेळण्यातलं अस्वल, आणि एक निळी छत्री. छत्रीची एक काडी तेवढी निखळलेली. जाडसर तारेचा तुकडा मिळाला असता तर तीही उभी राहिली असती, पण काकूंच्या घरात तेवढी एकच वस्तू नव्हती.

दुपार होईतो पिशव्या रिकाम्या झाल्या. त्या पिशव्याही मजबूत होत्या, म्हणून धुऊन वाळत घातल्या. गाडीसाठी उरलं ते मूठभर. गाडीवरच्या माणसाने काट्यावर ठेवलं आणि मान हलवली. "दोनशे ग्रॅम, काकू. एवढ्यावर कुणी राहतं का?"

अकराव्या दिवशी नळ तोडला.

लेक आली ती तोंडावर पाणी मारायला मोरीत गेली आणि तशीच बाहेर आली. "आई, हे काय गं?"

"आम्ही इथे राहत नाही," काका म्हणाले. "तू बस, सांगतो."

काकूंना रडूच कोसळलं. आयुष्यात एक चिंधी वाया घालवली नाही, आणि बाळाला न्हाऊ घालायला घरात पाणी नाही! वरच्या मजल्यावरून दोन बादल्या मिळत. त्यात स्वयंपाक आणि बाळाची आंघोळ कशीबशी भागे; धुण्याभांड्यांचं नाव नको. लेकीने उलट प्रश्न न विचारता दुकान गाठलं. बाटलीबंद पाणी आलं. कागदाच्या थाळ्या आल्या, कागदाचे पेले आले. आणि बाळाला एकदाच वापरून टाकायचे लंगोट आले, मोठ्या खोक्यातून. काकू प्रत्येक लंगोटाला निरोप देताना डोळे मिटून घेत. तेवढ्यांचं मात्र खरंच काही करता येण्याजोगं नव्हतं. काकूंनी विचार करून पाहिला होता.

पाच दिवसांत अकरा किलो कचरा झाला. गाडीवरच्या माणसाचा मोबाइल आनंदाने किणकिणला. त्याच संध्याकाळी निरीक्षक स्वतः दारात हजर, मागे नळ जोडणारा मिस्त्री.

"अभिनंदन!" ते काकूंना म्हणाले. "घरात माणसं राहतात! मी म्हणतच होतो."

नळाला पाणी आलं. थाळ्या-पेले बंद झाले, चोवीस लंगोट दोरीवर फडफडू लागले, आणि पुढच्या महिन्याभरात काकूंच्या घरातून पुन्हा काहीही गेलं नाही. कार्यालयातल्या संगणकाने हिशेब केला: आधी अकरा किलो, आता शून्य. घट शंभर टक्के. सबंध शहरात एवढी सुधारणा कुणीच केली नव्हती. काकूंना पहिलं बक्षीस जाहीर झालं.

समारंभाला गर्दी चांगली होती. प्रत्येकाला पाण्याची छोटी बाटली आणि खोक्यातला खाऊ होता. काकूंना चकचकीत कागदात गुंडाळलेला फुलांचा गुच्छ, काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र आणि थर्माकोलचं मोठं झाड मिळालं. निवेदिकेने विचारलं, "काकू, तुमच्यात हा बदल घडला तरी कसा?"

"पाणी आलं," काकू म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

उतरताना निरीक्षकांनी त्यांना बाजूला घेतलं. "काकू, बरं झालं बक्षीस मिळालं. आता असं करा, हे सगळं उद्या गाडीत टाका. वजन करून बघितलंय मी, तीन किलो दोनशे भरतं. पुढच्या नोटिशीची काळजी मिटली."

काकूंना ते पटलं. घरी येईपर्यंत पटलेलंच होतं. पण गुच्छाचा कागद सोडला तर आत फुलांना बांधलेली तार निघाली. जाडसर, लवचिक, अगदी हवी तशी. काकूंनी निळी छत्री खाली काढली. काचेत बाळाचा फोटो गेला, आणि थर्माकोलचं झाड काकांनी टाचण्या खोचायला घेतलं. पुढची नोटीस पुन्हा डोक्यावर लटकू लागली.

पण तिची वेळ आली नाही. अध्यक्षीणबाईंचा कचरा कागदोपत्री कसा घटला ते बोलता बोलता गल्लीत फुटलं. चाळीस टक्क्यांचं ओझं सगळ्यांच्याच डोक्यावर होतं. रोज पहाटे काकूंच्या ओसरीवर पिशव्या दिसू लागल्या, कुणाच्या ते कळत नसे. काकू आणि काका दिवसभर बसून त्या निवडतात. दुरुस्त होतं ते दुरुस्त करतात, आणि ज्याचं खरोखर काहीच होत नाही ते काकूंच्या नावावर गाडीत जातं. नव्वद दिवसांत तीन किलो आरामात भरतं. गल्लीचा कचरा इतका घटला की शेजारच्या शहरांतून पाहुणे ती बघायला येतात, मोटारी भरभरून.

दुरुस्त झालेल्या वस्तू काकू ओसरीवरच मांडून ठेवतात. लोक येतात, बघतात. "कोण हो टाकतं असल्या चांगल्या वस्तू? माणसं तरी कशी!" म्हणून हळहळतात. मग एखादी वस्तू ओळखीची दिसली की घड्याळात बघतात आणि निघतात. कुडता गेला, टॉर्च गेला, अस्वल तर बाळच घेऊन गेलं. ती निळी छत्री तेवढी राहिलीय. काडी पक्की बसवलीय, उघडमीट करून बघितलीय.

सवडीने येऊन घेऊन जा. काकू काही विचारणार नाहीत. फक्त दांड्यावर तुमचं नाव आहे, ते त्यांनी पुसलेलं नाही.